पर्समधली कार्डं, मोबाइलमधली तिकिटं: एकाच ॲपचा हट्ट नको

प्रश्न: मी डोंबिवलीत राहते, दादरला एका शाळेच्या कार्यालयात नोकरी करते. वय ५४. पर्समध्ये दुकानांची कार्डं भरून झाली आहेत: कपड्यांचं, पुस्तकांचं, औषधांचं, चपलांचं, शिवाय वाचनालयाचं आणि मिठाईवाल्याचं शिक्के मारायचं. लोकलचा पास, मेट्रोचं तिकीट, सिनेमाची तिकिटं मोबाइलमध्ये असतात, पण ऐनवेळी एकही धड सापडत नाही. परवा भुयारी मेट्रोच्या गेटपाशी तिकीट उघडेचना. मागे रांग, आणि मी घामाघूम. भाचा म्हणतो गूगल वॉलेट घे. मैत्रीण म्हणते सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेव. मिस्टरांकडे मुलाने दिलेला आयफोन आहे, त्यात आणखी तिसरंच काहीतरी आहे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं आणि ७८ वर्षांच्या सासूबाई एसटीने साताऱ्याला आणि नंतर विमानाने इंदूरला लग्नाला जाणार आहोत. कुठलं एक ॲप घेऊ? त्यात ठेवलेलं सुरक्षित राहतं का? आणि जुनी कार्डं टाकून देऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

प्रिय ताई,

सगळं एकाच ॲपमध्ये बसवायचा प्रयत्न आधी सोडून द्या. तुमची निम्मी दगदग त्यातूनच आली आहे. असं ॲप आज आपल्याकडे नाही, आणि त्याचं कारण तांत्रिक कमी, व्यवहाराचं जास्त आहे. गेटवर, डब्यात किंवा गल्ल्यावर समोरचा माणूस किंवा यंत्र नेमकं काय तपासतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तुमची प्रत्येक वस्तू घ्या आणि तिच्याबद्दल एवढंच विचारा: ही कोण बघणार, आणि काय बघणार? म्हणजे ती कुठे ठेवायची ते आपोआप ठरतं.

लोकलचा पास घ्या. टीसी तुम्हाला रेल्वेचं ॲप उघडून पास दाखवायला सांगतो. फोटो दाखवला तर तो मानत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण फोटो काय, कुणाचाही कुणालाही पाठवता येतो. म्हणजे हा पास रेल्वेच्या ॲपमधून हलणारच नाही. आधी त्यासाठी यूटीएस होतं, १ जुलै २०२५ पासून रेल्वेने रेलवन आणलं आहे, त्यात साधं तिकीट, पास आणि आरक्षण एकाच ठिकाणी मिळतं. मैत्रिणीचा स्क्रीनशॉटचा सल्ला निदान लोकलपुरता तरी कानाआड करा. दंड तुम्हाला भरावा लागेल, तिला नाही.

लांब पल्ल्याच्या आरक्षित तिकिटाची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथे टीसीच्या हातातल्या यादीत तुमचं नाव आधीच असतं. आयआरसीटीसीचा मेसेज आणि तिकिटावरच्या एका प्रवाशाचं मूळ ओळखपत्र एवढं पुरतं. म्हणून त्या तिकिटासाठी वेगळं ॲप शोधत बसू नका. तो मेसेज पुसला जाणार नाही एवढं पाहा.

आता मेट्रो. गेटवरचं यंत्र फक्त क्यूआर वाचतं, माणसाचा प्रश्न तिथे येत नाही. तिकीट व्हॉट्सॲपवर काढलेलं असो, त्या मेट्रोच्या स्वतःच्या ॲपवर असो की ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वनवर असो, क्यूआर पडद्यावर स्वच्छ दिसला की झालं. मुंबई वनमध्ये मेट्रो, लोकल, बेस्टसह ११ वाहतूक सेवा एकत्र आणल्या आहेत, त्यामुळे वारंवार वाहन बदलणाऱ्याला ते सोयीचं आहे. तुमची अडचण वेगळी होती. भुयारी स्थानकात रेंज मिळेलच असं नाही, आणि तुम्ही ॲप तिथे पोहोचल्यावर उघडलंत. ते आधी सर्व्हरशी बोलायला गेलं आणि अडकलं. तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढा, क्यूआर पडद्यावर आणा आणि मगच जिना उतरा. तोच क्यूआर बाहेर पडताना पुन्हा लागतो, तेव्हा आत शिरल्याबरोबर तो बंद करून टाकू नका.

पण खरं सांगू का, आठवड्यातून तीन-चार वेळा मेट्रोने जात असाल तर ॲपपेक्षा एनसीएमसी कार्ड घ्या. हे राष्ट्रीय पातळीवरचं प्रवासाचं कार्ड मार्च २०१९ मध्ये सुरू झालं. त्यातली शिल्लक कार्डाच्या चिपमध्येच असते, त्यामुळे गेटवर टेकवताना ना रेंज लागते, ना बॅटरी, ना चष्मा. तुमच्या मार्गावर ते चालतं ना, एवढं तिकीट खिडकीवर विचारून घ्या. पर्समधली कार्डं कमी करायची म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत आणि मी एक वाढवायला सांगतोय, हे मला कळतंय. तरीही हे एक प्लॅस्टिक मी कुठल्याही ॲपपेक्षा वरचं मानतो.

दुकानांच्या कार्डांवर जरा थांबू या, कारण ॲप निवडायची खरी गरज तिथेच आहे.

पहिलं काम ॲप उतरवून घ्यायचं नाही. पुढच्या वेळी प्रत्येक दुकानात गल्ल्यावर विचारा, "मोबाइल नंबरवर चालतं का?" आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत गुण तुमच्या नंबरवरच जमा होतात, कार्ड नुसतं नावाला असतं. कपड्यांचं आणि चपलांचं दुकान बहुधा याच प्रकारातलं निघेल. ती कार्डं कुठेही भरायची गरज नाही. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. साधं बिल करायला नंबर दिलाच पाहिजे असं कुणी म्हणालं, तर तशी सक्ती करता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना तसं स्पष्ट बजावलं आहे. जिथे गुण हवेत तिथे नंबर द्या, बाकी ठिकाणी "नको" म्हणायला संकोच करू नका.

उरतात ती बारकोडवाली कार्डं. तुमच्या बाबतीत पुस्तकांचं दुकान आणि वाचनालय. अशी कार्डं साठवणारं ॲप निवडताना मी चार गोष्टी बघतो. नेट नसताना कार्ड उघडतं का. खातं न उघडता वापरता येतं का. परवानग्या किती मागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उद्या ते सोडायचं म्हटलं तर आपली कार्डं एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात का.

या शेवटच्या मुद्द्याकडे कुणी बघत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. जर्मनीतल्या मानहाइम शहरात २०११ मध्ये स्टोकार्ड नावाची कंपनी सुरू झाली. दुकानांची कार्डं साठवायचं तिचं ॲप युरोपभर गाजलं, लाखो लोकांनी पर्स रिकाम्या केल्या. २०२१ मध्ये क्लार्ना या स्वीडिश कंपनीने ती विकत घेतली. क्लार्नाचा मूळ धंदा 'आज घ्या, पैसे नंतर द्या' हा. पुढे स्टोकार्ड हे स्वतंत्र ॲप बंद झालं आणि लोकांना आपली कार्डं क्लार्नाच्या ॲपमध्ये हलवायला सांगितलं गेलं. वाचनालयाचं कार्ड ठेवायला आलेला माणूस असा उधारीच्या दुकानात जाऊन पोहोचला. यात कुणी कुणाला फसवलं असं मी म्हणत नाही. पण फुकट ॲप उद्या कुणाच्या हातात जाईल हे आपल्या हातात नसतं, बाहेर पडायची वाट मात्र आपण आधी बघून ठेवू शकतो.

म्हणूनच तुमच्यासारखा अँड्रॉइड फोन असेल तर माझी पहिली पसंती कॅटिमाला. हे मुक्त स्रोत ॲप आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. जाहिराती नाहीत, खातं उघडायला लागत नाही, कार्डं तुमच्या फोनमध्येच राहतात. प्रत्येक कार्डाला मुदत, शिल्लक आणि टीप जोडता येते, पुढच्या-मागच्या बाजूचा फोटोही ठेवता येतो, आणि सगळं एका फाइलमध्ये बाहेर काढता येतं. उणी बाजूही सांगतो: ती फाइल काढून जपून ठेवायची जबाबदारी तुमची. फोन हरवला आणि फाइल काढलेली नसली, तर कार्डं गेली. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा काढून स्वतःलाच ईमेल करा.

भाच्याचा सल्लाही चुकीचा नाही. गूगल वॉलेट भारतात मे २०२४ मध्ये आलं. ते गूगल पेपेक्षा वेगळं आहे, आपल्याकडे ते पैसे देण्यासाठी आणलेलं नाही, तिकिटं आणि कार्डं ठेवण्यासाठी आणलं आहे. पीव्हीआर आयनॉक्स, एअर इंडिया, इंडिगो अशा कंपन्यांशी ते सुरुवातीपासून जोडलेलं आहे. फोन बदलला तरी गूगल खात्याबरोबर कार्डं परत येतात, ही त्याची मोठी सोय. सिनेमाचं तिकीट किंवा बोर्डिंग पास जीमेलमध्ये आला की तो आपोआप वॉलेटमध्ये येऊ शकतो. काहींना ही सोय वाटते, काहींना आपली ईमेल कुणी चाळतंय असं वाटतं. तुम्हाला दुसरं वाटत असेल तर ते सेटिंगमधून बंद करता येतं.

तेव्हा तुमच्यापुरतं मी असं सुचवेन: विमान आणि सिनेमा गूगल वॉलेटमध्ये, पुस्तकांचं दुकान आणि वाचनालय कॅटिमात. दोन ॲप्स जड वाटत असतील तर दुकानाचं कार्डही वॉलेटमध्ये ठेवा, काही बिघडत नाही. ज्या ॲपमध्ये नोंदणी करतानाच संपर्कयादी, मेसेज आणि कायम लोकेशन मागितलं जातं, ते मात्र घेऊ नका. कार्ड स्कॅन करायला कॅमेरा लागतो, तेवढी परवानगी पुरे. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर डेटा सुरक्षिततेचा भाग असतो, उतरवून घेण्याआधी तो वाचा. आणि व्हॉट्सॲपवर कुणी एपीके फाइल पाठवून "हे ॲप टाका, गुण दुप्पट होतील" म्हणालं, तर ती उघडूही नका. तसलं काही होऊन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करायचा.

आता कार्ड भरायची पद्धत. वाचनालयाचं कार्ड पर्समध्ये घासलं जाऊन रेघा पुसट झाल्या असतील, अशी माझी अटकळ आहे. ॲपमधून कॅमेऱ्याने स्कॅन करा. पडद्यावर नवा बारकोड उमटेल आणि त्याखाली आकडे येतील. ते आकडे कार्डावर छापलेल्या आकड्यांशी एक-एक करून जुळवा. जुळले, तरी काम झालेलं नाही. बारकोडचेही प्रकार असतात. ईएएन-१३ मध्ये नेमके तेरा आकडे असतात आणि शेवटचा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून पडताळणीसाठी काढलेला असतो. कोड १२८ मध्ये अक्षरंही चालतात. कॅमेऱ्याने वाचलं तर ॲप प्रकार आपोआप ओळखतं, पण रेघा पुसट म्हणून तुम्ही आकडे हाताने भरलेत, तर प्रकारही तुम्हालाच निवडावा लागतो. तो चुकला की आकडे बरोबर असूनही गल्ल्यावरचं यंत्र गप्प बसतं. खात्री नसेल तर वाचनालयातच बसून भरा आणि तिथल्या तिथे एकदा वाचून घ्यायला सांगा.

यंत्र गप्प बसायचं आणखी एक कारण आहे, आणि त्यात तुमचा दोष नसतो. काही दुकानांत अजून लाल रेषेचे जुने लेझर स्कॅनर आहेत. ते कागदावरून परतणारा प्रकाश वाचतात. मोबाइलच्या काचेवरून तो नीट परतत नाही, त्यामुळे पडदा कितीही उजळवा, त्यांना रेघा दिसतच नाहीत. नव्या प्रकारचे स्कॅनर फोटो काढून वाचतात, त्यांना अडचण येत नाही. जुना स्कॅनर दिसला तर वाद न घालता गल्ल्यावरच्या मुलाला आकडे वाचून दाखवा, तो ते टाइप करेल. आकडे मोठ्या अक्षरांत दिसणारं ॲप बरं, ते यासाठी.

मिस्टरांच्या आयफोनमध्ये ॲपल वॉलेट आधीपासूनच असतं. २०१२ मध्ये ते पासबुक या नावाने आलं, २०१५ मध्ये नाव बदललं. बोर्डिंग पास, सिनेमाचं तिकीट यासाठी ते उत्तम. पण दुकानाचं कार्ड त्यात बहुतेक वेळा तेव्हाच जातं, जेव्हा त्या दुकानाने 'वॉलेटमध्ये जोडा' असं बटण दिलेलं असतं. आपल्याकडची बरीच दुकानं ते देत नाहीत. म्हणून दुकानांची कार्डं तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि त्यांच्या फोनमध्ये विमानाचे पास. घरात दोन फोन आहेत तर दोघांची कामं वाटून घ्या.

साताऱ्याच्या प्रवासात सासूबाईंसाठी काहीही उतरवून घ्यायचं नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीने २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास दिला आहे, त्यांच्याजवळ वयाचा पुरावा देणारं ओळखपत्र असलं की झालं. तुम्हालाही मार्च २०२३ पासून महिला म्हणून निम्मं भाडं आहे, आरक्षण करताना ते लागलं ना ते तपासा. आरक्षणाची तिकिटं पीडीएफमध्ये फोनवर उतरवून ठेवा. ती ईमेलमध्येच राहिली आणि घाटात रेंज गेली, तर वाहकाला काय दाखवणार?

इंदूरच्या विमानासाठी चेक-इन घरूनच करा. प्रत्येकाचा बोर्डिंग पास वेगळा असतो, तिघांचेही एका फोनमध्ये ठेवता येतात. वॉलेटमध्ये टाकलेल्या पासाचा एक फायदा असा की गेट किंवा वेळ बदलली तर बऱ्याच कंपन्यांच्या पासावर ती बदललेली दिसते, कागदावर दिसणार नाही. तरीही सासूबाईंच्या पासाची एक प्रत छापून त्यांच्याच हातात द्या. सुरक्षा तपासणीला बायका आणि पुरुषांच्या रांगा वेगळ्या होतात, आणि मिस्टरांचा फोन नेमका त्यांच्या रांगेत निघून जातो. डिजी यात्रा, म्हणजे चेहरा दाखवून आत जायची सोय, ऐच्छिक आहे. तुम्हाला हवी तर घ्या, पण सासूबाईंसाठी ऐन लग्नाच्या धावपळीत तो खटाटोप करू नका.

बोर्डिंग पासाचा फोटो मात्र नातेवाइकांच्या ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका. त्यावर तुमचं आडनाव आणि पीएनआर असतो, आणि बारकोडमध्येही तेच भरलेलं असतं. तेवढ्या दोन गोष्टींवर कुणीही कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन तुमचं आरक्षण उघडू शकतो. लग्नाला निघाल्याचा आनंद कळवायला तुमचे हसरे चेहरे पुरेत.

सुरक्षिततेचा तुमचा प्रश्न इथेच येतो. दुकानाचं कार्ड चोरीला गेलं तर फार तर गुण जातील. पण त्याच ॲपमध्ये सोय म्हणून आधार, पॅन, डेबिट कार्ड यांचे फोटो ठेवले, तर नुकसानीला सीमा नाही. ते तिथे ठेवूच नका. आधार, वाहन परवाना, गाडीचं नोंदणीपत्र यांची जागा डिजीलॉकर. २०१५ पासून ही सरकारी सोय आहे, आणि तिथे संबंधित खात्याकडून थेट आलेलं कागदपत्र कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचं धरलं जातं. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही, हा फरक पुष्कळांना माहीत नसतो आणि मग वाहतूक पोलिसाशी हुज्जत होते. फोनला पिन किंवा बोटाचा ठसा लावलेला असायलाच हवा, हे वेगळं सांगायला नको.

निघायच्या आदल्या रात्री एक चाचणी घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, पण मी त्याशिवाय कुणालाच निघू देत नाही. फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा, आणि लागणारं प्रत्येक तिकीट, पास आणि कार्ड एकेक करून उघडा. जे उघडेल ते बरोबर जागी आहे. जे गोल-गोल फिरत राहील, ते नेट चालू करून उतरवून घ्या किंवा छापून घ्या. ही चाचणी मिस्टरांच्या फोनवरही करा, तुमच्यासमोर.

जुनी कार्डं लगेच टाकू नका. ॲपमधलं कार्ड त्या-त्या दुकानात एकदा खरोखर चाललं की मगच प्लॅस्टिकचं कार्ड कात्रीने बारकोडवरून आडवं कापा आणि टाका. मिठाईवाल्याचं शिक्क्यांचं कार्ड कुठल्याही ॲपमध्ये जाणार नाही, कारण तो शिक्का कागदावरच मारतो. ते पर्समध्येच राहू द्या. आणि चिप असलेलं कुठलंही कार्ड, एनसीएमसी असो की बँकेचं, त्यातली शिल्लक संपली आहे किंवा खातं बंद झालं आहे याची खात्री होईपर्यंत कात्रीखाली घालू नका.